घरातील मोठे वनस्पती-मत्स्यालय : खर्च किती आणि कशासाठी?

(शेतकरी व ग्रामीण युवकांच्या मेळाव्यात कृषिविद्या विभागातील अधिव्याख्यात्यांनी केलेले भाषण)



कृषिविद्येचा माणूस काचेच्या टाकीवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. गेल्या वर्षी याच मेळाव्यात प्रश्नोत्तरांच्या वेळी एक कांदा उत्पादक शेतकरी उभे राहिले. बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाला हिरव्या वनस्पतींनी भरलेली चार फुटी माशांची टाकी घरात हवी होती. शहरातील दुकानदाराने सत्तर हजारांच्या आसपास खर्च सांगितला होता. ते म्हणाले, "सर, पोरगं हट्टाला पेटलंय. सत्तर हजार खरे की दुकानदार मला बनवतोय? एवढ्यात माझं ठिबकाचं काम मार्गी लागतं."

त्या दिवशी मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, कारण अशा टाकीत मी स्वतः पैसे घालवून बसलो होतो. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपण पिकाचा एकरी खर्च काढतो, त्याच पद्धतीने हा खर्च काढू.

वनस्पती-मत्स्यालय म्हणजे काय?

साध्या मत्स्यालयात मासे मुख्य असतात आणि झाडे बहुधा प्लॅस्टिकची असतात. वनस्पती-मत्स्यालयात पाण्याखाली वाढणाऱ्या जिवंत वनस्पती हे मुख्य पीक असते. त्यांना प्रकाश, कर्बवायू, अन्नद्रव्ये आणि मुळांना आधार लागतो. म्हणजेच हे पाण्याखालचे शेत आहे.

या कल्पनेचा शेतीशास्त्राशी जुना संबंध आहे. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० च्या सुमारास एका टाकीत सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा समतोल राखता येतो हे दाखविले. त्यांचे त्याच नावाचे पुत्र पुढे रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध कृषी संशोधन केंद्रात जमिनीतील नत्रीकरणावर काम करीत होते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होणे ही जमिनीतील क्रियाच माशांच्या टाकीचा प्राण आहे. अलीकडच्या काळात जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी निसर्गदृश्यासारखी वनस्पती-मत्स्यालये रचून ही कला जगभर पोहोचविली. मोबाइलवर मुले जी चित्रे पाहतात, त्यांतील बऱ्याच मांडण्यांवर अमानोंच्या शैलीची छाप असते.

माझी पहिली टाकी

काही वर्षांपूर्वी मी मुलीसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी घेतली. टाकी ९,५०० रुपये, लोखंडी स्टँड ७,०००, झगझगीत एलईडी दिवा ८,५००, आतला फिल्टर २,५००, रंगीत खडी ८००, वनस्पती १,२०० आणि मासे १,५००. असे एकूण ३१,००० रुपये झाले. घरात मी बारा हजार सांगितले. त्या वर्षी गावी दादाचा कांदा चाळीतच सडला होता. अशा वेळी एकतीस हजारांची टाकी घेतली हे सांगायला जीभ रेटली नाही. बिल मी पुस्तकात दडवून ठेवले.

टाकीत कूपनलिकेचे पाणी भरले, दुसऱ्याच दिवशी मासे सोडले आणि हौसेने दिवा रोज बारा तास चालू ठेवला. सहाव्या दिवसापर्यंत बहुतेक मासे मेले. तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवेगार झाले, वनस्पतींची पाने पिवळी पडून गळू लागली आणि काचांवर शेवाळ चढले. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने विचारले, "बाबा, तुम्ही तर झाडांचेच सर आहात ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

दिवाळीला दादा आला. पुस्तक चाळताना ते बिल त्याच्या हाती लागले. कृषी सेवा केंद्राचे बिल वाचावे तसे त्याने ते ओळीने वाचले आणि म्हणाला, "दिव्याला साडेआठ हजार, रंगीत खडीला आठशे आणि मातीला शून्य? खताला शून्य? अरे, झाडं काय नुसत्या उजेडावर जगवणार होतास?"

बंधूंनो, किमान घटकाचा लीबिगचा नियम मी दरवर्षी वर्गात शिकवितो. जो घटक सर्वांत कमी, त्यावरच उत्पादन ठरते, हे सांगताना फळ्यावर लाकडी पिंपाची आकृतीही काढतो. घरी मात्र सर्व पैसा एका फळीवर लावला आणि बाकीच्या फळ्या तुटक्या ठेवल्या. शेती करणाऱ्या माणसाला ही चूक बिलावरून एका मिनिटात दिसली. ते बिल मी लपविले नसते, तर ती तीन महिने आधीच दिसली असती. त्या दिवशी घरी सर्व आकडे खरे सांगितले. तेव्हापासून टाकीचा हिशोब सौभाग्यवतींच्या वहीत लिहिला जातो.

जागा आणि वजन

खर्चाआधी जागा पाहावी. चार फूट x दीड फूट x दीड फूट मापाच्या टाकीचे बाहेरचे आकारमान सुमारे २५५ लीटर असते. काचेची जाडी, तळमाती आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात साधारण २०० लीटर पाणी बसते. पाणी २०० किलो, १२ मि.मी. काच सुमारे ६० किलो, माती व दगड ६० ते ७० किलो आणि स्टँड ३५ ते ४० किलो धरल्यास एकूण वजन ३७० किलोच्या जवळ जाते. हा भार केवळ ६ चौरस फुटांवर येतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरण्याचा प्रघात आहे, हे लक्षात घ्यावे. यास्तव मोठी टाकी शक्यतो तळमजल्यावर ठेवावी. वरच्या मजल्यावर ठेवायची झाल्यास आधी बांधकाम जाणकाराचा सल्ला घ्यावा. माळवदाच्या किंवा लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर ठेवूच नये.

जागा पाणसळीने सपाट तपासावी. टाकीखाली थर्माकोलचा अर्धा ते एक इंच जाडीचा अखंड तुकडा घालावा. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये.

उभारणीचा खर्च

खाली दोन हिशोब देत आहे. 'अ' हा आमच्या विभागात विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या टाकीचा आहे. तिला कर्बवायूचा संच व तयार तळमाती वापरली. 'ब' हा सुरुवातीला उल्लेख केलेल्या शेतकरी बंधूंच्या घरच्या टाकीचा आहे. त्यांनी तो स्वतः लिहून मला दिला. दोन्ही टाक्या एकाच मापाच्या आहेत. आपल्या भागात दर कमी-अधिक असतील, म्हणून खरेदीपूर्वी तीन ठिकाणी चौकशी करावी.

तक्ता क्र. १ : उभारणीचा खर्च (रुपये)

१. काचेची टाकी, १२ मि.मी. : अ – ९,५००, ब – ९,५००
२. स्टँड किंवा ओटा : अ – ७,००० (लोखंडी), ब – ३,००० (विटांचा ओटा व शहाबादी फरशी)
३. दिवा व टायमर : अ – ८,५००; ब – २,५०० (२० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या, झाकणपेटीसह)
४. फिल्टर : अ – ७,५०० (बाहेरचा), ब – २,००० (आतला, स्पंजाचा)
५. कर्बवायूचा संच : अ – ११,०००, ब – नाही
६. तळमाती : अ – १०,५०० (९ लीटरच्या तीन पिशव्या), ब – ८०० (माती व वाळू)
७. लाकूड व दगड : अ – ३,५००, ब – ५००
८. वनस्पती : अ – ५,०००, ब – २,०००
९. मासे : अ – २,०००, ब – १,२००
१०. चाचणी संच, नळी, बादल्या, कात्री : अ – २,५००, ब – १,५००
११. खते : अ – १,०००, ब – ५००
एकूण : अ – ६८,०००, ब – २३,५००

म्हणजे दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. परंतु तो एका विशिष्ट पद्धतीचा होता. दुसरी पद्धत जवळजवळ एक-तृतीयांश खर्चात बसते. हा फरक कोठून येतो, ते आता क्रमाने पाहू.

प्रकाश

वनस्पतींच्या मध्यम वाढीसाठी दर लीटर पाण्यास साधारण २० ते ४० ल्युमेन प्रकाश पुरतो. चांगली एलईडी पट्टी प्रति वॅट १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते. या हिशोबाने २०० लीटरच्या टाकीला ४० ते ८० वॅट पुरेसे होतात. पहिले महिनाभर दिवा सहाच तास ठेवावा, नंतर सात ते आठ तास करावा. टायमर अवश्य लावावा. प्रकाश वाढविला की कर्बवायू व अन्नद्रव्यांची गरजही वाढते. ती पुरी झाली नाही, तर उरलेल्या प्रकाशाचा फायदा वनस्पतीऐवजी शेवाळ घेते. रानात तणाला मोकळी जागा मिळावी, तसाच हा प्रकार आहे. थोडक्यात, कर्बवायू देणार नसाल तर भारी दिवा घेऊ नये.

कर्बवायू

हवेत पिकाला कर्बवायूची चिंता नसते. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि हवेच्या संपर्कातील पाण्यात तो लीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. 'अ' पद्धतीत तो लीटरला २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यासाठी सिलिंडर, दाब नियंत्रक, विजेवर चालणारी झडप आणि बारीक बुडबुडे करणारी चकती लागते. आमच्या विभागात २ किलो वायू सुमारे चार महिने पुरतो व भरून आणण्यास ५०० रुपये लागतात.

येथे दोन धोके सांगतो. वायू जास्त झाल्यास मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात व मरतात. म्हणून दिवा लागण्यापूर्वी एक तास वायू सुरू करावा, दिवा मालवण्यापूर्वी एक तास बंद करावा आणि रात्री कधीही सोडू नये. सिलिंडर नेहमी उभा व बांधून ठेवावा, खोली हवेशीर असावी आणि सिलिंडर परवानाधारकाकडूनच भरून घ्यावा.

साध्या प्रयोगासाठी खाण्याचा सोडा व सायट्रिक आम्ल यांपासूनही वायू मिळतो. २५० ग्रॅम सोडा व १९० ग्रॅम सायट्रिक आम्लातून सुमारे १३० ग्रॅम वायू निघतो. मात्र दाब सहन करणारे तयार उपकरण असेल तरच हे करावे. साध्या बाटलीचे टोपण घट्ट लावून प्रयोग करू नये, बाटली फुटते.

'ब' पद्धतीत वायू देत नाहीत. त्याऐवजी थोडक्या प्रकाशात सावकाश वाढणाऱ्या वनस्पती निवडतात. आपल्याकडील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते व त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेऊ शकतात. जड पाणी हा आपल्या भागाचा दोष मानतात, परंतु या वनस्पतींना तो आड येत नाही.

तळमाती

तयार तळमातीला 'अ' मध्ये साडेदहा हजार लागले, 'ब' मध्ये आठशे. तळाशी एक इंच चाळलेली माती व तिच्यावर सव्वा इंच वाळूचा थर, ही पद्धत अमेरिकेतील डायना वॉलस्टाड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. आपल्यासाठी त्यात काही सूचना जोडतो.

१. भारी काळी माती वापरू नये. ती फुगते, पाणी गढूळ करते आणि चुनखडीमुळे पाण्याचा जडपणा वाढविते. तांबडी पोयट्याची माती उत्तम.
२. शेणखत, गांडूळखत वा पेंड मिसळू नये. बंद पाण्यात ते कुजून अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.
३. माती बादलीत भिजवून वरचा कचरा काढून टाकावा. चार-पाच वेळा पाणी बदलून मगच वापरावी.
४. वाळूवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आल्यास तिच्यात चुनखडी आहे असे समजून ती टाळावी.
५. ज्या रानात तणनाशक किंवा कीडनाशक वापरले आहे तेथील माती घेऊ नये.

भातखाचरात पाणी साचल्यावर मातीतील प्राणवायू संपतो आणि लोह व मंगल पिकाला सहज मिळू लागतात. टाकीच्या तळाशीही हेच घडते. म्हणून मातीच्या टाकीला वरून खत कमी लागते.

खते : येथे आपण दुकानदारापेक्षा पुढे आहोत

मत्स्यालयाच्या दुकानात लहान बाटलीत जे द्रवखत मिळते, त्यातील मुख्य घटक आपण ठिबकातून देतो तेच असतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. 'अ' पद्धतीच्या २०० लीटर पाण्यासाठी आम्ही पुढीलप्रमाणे द्रावणे करतो.

पहिल्या बाटलीत ५०० मि.लि. पाण्यात ६० ग्रॅम १३:००:४५ विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत ५०० मि.लि. पाण्यात ६ ग्रॅम ००:५२:३४ विरघळवावे. प्रत्येकातील ५० मि.लि. द्रावण आठवड्याला, तीन हप्त्यांत विभागून द्यावे. यातून आठवड्यास लीटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम नायट्रेट व २ मिलिग्रॅम फॉस्फेट मिळते. वर्षाला १३:००:४५ फक्त ३१० ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे एक किलोची पिशवी तीन वर्षे पुरते. 'ब' पद्धतीत याच्या पाव भागापासून सुरुवात करावी.

सावधगिरी अशी की १९:१९:१९ व १२:६१:०० ही खते टाकीत कदापि घालू नयेत. पहिल्यात युरिया व अमोनियम आहे, दुसऱ्यात अमोनियम आहे. अमोनिया माशांना विषारी आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण वापरताना त्यातील तांब्याचे प्रमाण पाहावे, कारण कोळंबी व गोगलगायींना तांबे सोसत नाही. चिलेटेड लोह स्वतंत्र बाटलीत ठेवावे. फॉस्फेटबरोबर मिसळल्यास साका बसतो, हे ठिबकवाल्यांना सांगणे नको. ईडीटीए प्रकारचे लोह सामू ६.५ च्या वर फार टिकत नाही. आपल्या पाण्यासाठी डीटीपीए प्रकार अधिक योग्य.

मासे केव्हा सोडावेत?

माझे मासे का मेले, त्याचे उत्तर येथे आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय पाण्याचा सामू ८ असल्यास विषारी स्वरूपातील अमोनियाचे प्रमाण सामू ७ च्या तुलनेत जवळपास दहापट असते. माझ्या कूपनलिकेचा सामू ८ होता.

यास्तव आधी वनस्पती लावाव्यात, त्याही दाट. चार ते सहा आठवडे थांबावे. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच प्रथम पाच-सहा लहान मासे सोडावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून वापरावे. हे थांबणे फुकट आहे, आणि खर्च वाचविणारा याहून मोठा उपाय नाही.

दरमहा चालू खर्च

विजेचा दर आपल्या बिलावरून घ्यावा. हिशोबासाठी युनिटला १० रुपये धरले आहेत. 'अ' मध्ये ७० वॅटचा दिवा ८ तास, २० वॅटचा फिल्टर २४ तास व झडप मिळून महिन्याला सुमारे ३२ युनिट लागतात. 'ब' मध्ये ४० वॅटचा दिवा ८ तास व १० वॅटचा फिल्टर २४ तास मिळून सुमारे १७ युनिट लागतात.

तक्ता क्र. २ : मासिक खर्च (रुपये)

वीज : अ – ३२०, ब – १७०
कर्बवायू : अ – १२५, ब – नाही
खते : अ – ३०, ब – १५
माशांचे खाद्य : अ – १५०; ब – १२०
किरकोळ : अ – ७५, ब – ४५
एकूण : अ – ७००, ब – ३५०

म्हणजे वर्षाला अनुक्रमे ८,४०० व ४,२०० रुपये. उभारणीचा खर्च एकदाच होतो, हा मात्र टाकी असेपर्यंत सुटत नाही. घेण्यापूर्वी दोन्ही आकडे घरातील सर्वांसमोर ठेवावेत.

वीज गेल्यास फिल्टर बंद पडतो आणि काही तासांत त्यातील जिवाणूंना प्राणवायू कमी पडू लागतो. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ ठेवावा आणि मासे कमीच ठेवावेत. उन्हाळ्यात पाण्यावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेले पाणी रोज भरून काढावे.

पाण्याचा हिशोब

टंचाईच्या गावात हा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. 'अ' पद्धतीत दर आठवड्यास निम्मे, म्हणजे १०० लीटर पाणी बदलावे लागते. 'ब' मध्ये टाकी स्थिरावल्यावर पंधरा दिवसांनी ४० लीटर पुरते. हे पाणी नायट्रेटयुक्त असल्याने परसबागेतील मिरची, कढीपत्ता, आळू यांना द्यावे. औषध किंवा मीठ घातलेले पाणी मात्र झाडांना देऊ नये. ज्या गावात टँकरवर माणसे रांगेत उभी आहेत तेथे 'अ' पद्धतीची टाकी उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वनस्पतींची निवड

'ब' पद्धतीसाठी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, क्रिप्टोकोरीन, ॲन्युबियास, जावा फर्न आणि आपली ब्राह्मी घ्यावी. औषधी ब्राह्मीच बाकोपा या नावाने मत्स्यालयाच्या दुकानात विकली जाते. भातखाचरात आपण जे रोटाला व ॲमानिया वर्गातील तण उपटून बांधावर टाकतो, त्यांचे भाऊबंद शहरात जुडीने विकले जातात, हेही ध्यानात ठेवावे. खाचरातून वनस्पती आणल्यास त्या पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहावे, कारण त्यांवर औषधाचा अंश असू शकतो. कासच्या पठारावरील वायतुऱ्यासारख्या दुर्मिळ वनस्पतींना मात्र हात लावू नये.

छाटलेली झाडे व नको झालेले मासे विहीर, कालवा किंवा ओढ्यात सोडू नयेत. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते आपण पाहतोच. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा आज देशातील अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. छाटणी उन्हात वाळवून कंपोस्ट खड्ड्यात टाकावी.

आणखी एक सूचना खास शेतकरी कुटुंबांसाठी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीडनाशके माशांना अत्यंत विषारी आहेत. फवारणीनंतर हात-पाय स्वच्छ धुतल्याशिवाय व कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. घरात डासांचे औषध फवारताना टाकी झाकावी व हवापंप बंद ठेवावा.

जोडधंदा होईल का?

हा प्रश्न हमखास येतो. अनेक पाणवनस्पती रोपवाटिकेत शेडनेटखाली, मुळे ओलीत आणि पाने हवेत ठेवून वाढविता येतात. परंतु विक्रीची सोय पाहिल्याशिवाय कर्ज काढून यात उतरू नये. प्रथम एक टाकी वर्षभर नीट सांभाळावी, जवळच्या शहरातील चार दुकानदारांची मागणी लिहून घ्यावी व मगच विचार करावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला होता. सध्याच्या तरतुदींची माहिती आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घ्यावी.

समारोप

त्या शेतकरी बंधूंनी मुलासमोर दोन्ही हिशोब ठेवले आणि निर्णय त्याच्यावर सोपविला. मुलाने 'ब' निवडली. विटांचा ओटा बापलेकांनी मिळून बांधला, माती त्याने स्वतः चाळली व धुतली. सहा आठवडे रिकाम्या टाकीसमोर बसून तो अमोनियाची नोंद वहीत करीत होता. मासे सोडले त्या दिवशी वडिलांनी मला दूरध्वनी केला. म्हणाले, "सर, टाकी झाली ते झालं, पण पोरगं आता माझ्या ठिबकाच्या खताचा हिशोबसुद्धा तपासायला लागलंय. मागच्या महिन्यात माझीच चूक काढली."

माझ्या घरची टाकीही आज चांगली आहे. खडी काढून माती घातली, दिवा वर उचलला आणि त्याचे तास निम्मे केले. नवीन खर्च हजारभर रुपयांचाच आला. मुलगी आता सातवीत आहे आणि दर पंधरवड्याला पाणी तीच बदलते.

बंधू-भगिनींनो, हौसेला नाही म्हणू नका. परंतु हौसेचा हिशोबही पिकाच्या हिशोबाइतकाच उघड्यावर मांडा. ज्या फळीला पैसा लागतो तेथेच तो लावा, आणि जेथे नुसते थांबणे पुरते तेथे थांबा.